खाली घेण्याची वेळ

आमच्या कॉलनीत एखाद्या माणसाला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, की त्या घरून दोन निरोप जायचे. एक पाहुण्यांना आणि दुसरा भामाबाईला.

कॉलनी केजच्या बाहेर, कळंबच्या रस्त्याला आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे ज्वारीचं रान होतं. त्याचे प्लॉट पडले आणि आम्ही शिक्षक, एसटीतले कंडक्टर, युसूफ वडगावकडचे शेतीवाले, सायकलच्या दुकानाचे चाचा असे सगळे एकमेकांना न विचारता शेजारी झालो. बौद्ध घरं मागच्या दोन गल्ल्यांत आली. ती मागेच का आली, हे कुणी कधी बोललं नाही. भामाबाईचं घर त्यातलं पहिलं, माझ्या परसाच्या भिंतीला लागून.

ती मूळची तेलगावची. नवरा शहादेव इथल्या एका गोदामावर रखवालदार होता. पोटाच्या दुखण्यानं त्याला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथे अकराव्या दिवशी भामाबाईला कुठल्याशा कागदावर शिक्का आणायला खाली पाठवलं. रांगेत उभी राहून, शिक्का घेऊन ती वर आली, तर खाटेवर दुसराच माणूस निजलेला. तिनं नर्सला विचारलं, "इथलं माणूस कुठं हाय?" हे ती मला सांगायची तेव्हा पुढचं सांगत नसे. तिथपर्यंतच.

त्यानंतर तिनं दवाखान्यातच आयाचं काम धरलं. बारा वर्षं केलं. नोकरी सुटल्यावर कॉलनीतल्या एका घरानं तिला म्हाताऱ्याची कूस बदलायला बोलावलं, तो तिच्या हातात गेला, आणि मग बोलावणी येतच राहिली. तिच्या कापडी पिशवीत कापूस, खोबरेल तेल, एक चमचा आणि जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे असायचे. आजाऱ्याला हात लावण्याआधी ती दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करून घ्यायची. हात मोठे होते तिचे, पुरुषासारखे.

घरात गेल्यावर आधी ती घरातल्या मोठ्या बाईला विचारायची, "तुमच्यात कसं करतेत?" चाचांच्या वडिलांच्या वेळी तिनं खाट अशी फिरवून घेतली, की म्हाताऱ्याचं तोंड आपोआप पश्चिमेला झालं, कलमा वाचायला नातवाला उशाशी बसवलं आणि स्वतः पायथ्याला सरकली. आपल्या गल्लीतल्या घरात ती हळू आवाजात त्रिसरण म्हणायची. लिंगायत वाण्यांच्या घरी विभूतीची वाटी कुठे ठेवायची, हेही तिला सांगावं लागत नसे. सगळे बाहेर गेले की मग ती आजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन दुसरा प्रश्न विचारायची. "तुमाला काय पायजे?"

बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं एकच यायची. गीताबाईच्या वेळी ती एक आली नाहीत.

गीताबाई म्हणजे समोरच्या ओळीतल्या सुंदररावांच्या मंडळी. युसूफ वडगावला त्यांची मोठी शेती, सुंदरराव दोन वेळा सरपंच झालेले. मुलगा बजरंग इथे बियाणं-औषधांचं दुकान चालवतो. तो चौथीत माझ्या वर्गात होता. गृहपाठ करून यायचा नाही, पण "केला, घरी राहिला" असं कधी म्हणायचा नाही. उभा राहायचा आणि "न्हाई केला बाई" म्हणायचा. त्याची बायको विजयमाला कमी बोलणारी, सगळं बघणारी.

मागच्या संक्रांतीनंतर गीताबाई न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. वय चौऱ्याऐंशी. हृदय अधू असल्यामुळे भूल देता येणार नाही, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. कूस बदलताना त्या जे ओरडायच्या ते माझ्या ओसरीवर ऐकू यायचं. चौथ्या दिवशी बजरंगनं भामाबाईला बोलावलं.

पहिले दोन दिवस गीताबाईंनी तिच्या हातून पाणी घेतलं नाही. अंग पुसून घेतलं, चादर बदलून घेतली, पाठीच्या जखमेला तेल लावून घेतलं, आणि पाण्याची वेळ आली की "विजे, पाणी" अशी सुनेला हाक. भामाबाईचा चहा खिडकीतल्या वेगळ्या कपात यायचा. तो कप ती स्वतः विसळून परत खिडकीत ठेवायची. तिला याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई, त्यांच्या पाठीला चार बोटं खड्डा पडलाय. मी कपाकडं बघू का खड्ड्याकडं?"

तिसऱ्या दिवशी विजयमाला दळणाला गेली होती आणि गीताबाईंना तहान लागली. थोडा वेळ त्यांनी दम धरला. मग म्हणाल्या, "भामे, आता काय मला वाळवून मारतीस का?"

"तुमी मागा की मग."

"मागितलं न्हाई तर काय केलं? पाज."

त्या दिवसापासून पाणी भामाबाईच्याच हातचं. चमचा दातांना लागायचा म्हणून ती कापसाचा बोळा भिजवून ओठांच्या कडेनं पिळायची, थेंब थेंब. गीताबाईंना ते आवडायचं. विजयमालाला म्हणाल्या, "तू बादली वतल्यावानी पाजतीस. हिच्याकडून शीक."

दोघींचं चांगलं जमलं. गीताबाई म्हणायच्या, "तू मरशील तवा तुला कोण गं पाजंल?"

"माझी पंचशीला हाय की."

"ती लातूरला. ती येस्तोवर तू गार व्हशील."

"माजं सोडा. तुमी चार दिवसांत जाते म्हणल्या हुत्या, आज बारावा हाय. शब्दाला काई किंमत?"

गीताबाईंना हसायचं असायचं, पण हसलं की खुब्यात कळ यायची. मग त्या डोळे मिटून नुसता हात हलवायच्या.

तेराव्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना भामाबाईनं तो दुसरा प्रश्न विचारला. घरच्यांचं उत्तर आधीच आलेलं होतं. जीव जाताना माणूस खाटेवर नको, भुईवर पाहिजे. आधी खाली घ्यायचं, मुलानं तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान घालायचं, मग जीव जायचा. खाटेवर गेलेल्याला गती मिळत नाही, असं त्यांच्यात मानतात. बजरंगनं खाटेशेजारी भुई मोकळी करून ठेवली होती, गंगाजळाचा गडू देव्हाऱ्यात होता. त्याचं भामाबाईला एकच सांगणं होतं, "मावशी, वेळ झाली की सांगा. तुमाला कळतं."

आणि तिला कळायचं. पायाचे तळवे, नाकाचा शेंडा, गुडघ्यावर उमटणारे निळे डाग, दोन श्वासांमधली थांबलेली जागा. या कॉलनीत "घ्या आता" हे दोन शब्द तिनं उच्चारल्याशिवाय कुणी खाली घेत नसे.

गीताबाई म्हणाल्या, "मला खाली घिऊ देऊ नको."

भामाबाईनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ह्यांना घेतलं होतं. तवा तू नव्हतीस. बजाला वाटलं झालं, म्हणून घेतलं. फरशीवर, पौषात. दीड दिवस जित्ते होते. वर घ्या, वर घ्या म्हणत होते. एकदा खाली घेतलेलं माणूस वर घेत न्हाईत म्हणून कुणी हात लावला न्हाई. मी पण न्हाई लावला." मग त्या म्हणाल्या, "कूस बदलताना मला काय होतं तुला ठावं हाय. चौघं चार बाजूंनी उचलतील. मी वरडत मरंन, भामे. मेल्यावर कुठं बी टाका. पर जित्तेपनी न्हाई."

"लेकाला सांगा की मग."

"त्याला सांगितलं तर तो रडंल, आन् घेईल बी. तू शब्द दे."

भामाबाईनं शब्द दिला. ते तिनं मला त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. मी म्हणाले, "भामाबाई, त्यांच्यात हे फार मोठं असतं. उद्या कळलं तर तुझ्यावर येईल. एका परक्या बाईनं आमची आई खाटेवर मारली म्हणतील. त्यातून तू मागच्या गल्लीतली."

"ते मला कळतंय की बाई." तिनं पातेलं पालथं घातलं. "पर विचारलं म्या. विचारल्यावर मग ऐकायला नको?"

सतराव्या दिवशी सकाळपासूनच गीताबाईंचा आवाज बंद झाला. दुपारपर्यंत युसूफ वडगावहून भाऊबंद आले. ओसरीत दहा-बारा पुरुष बसले होते, चहा झाला होता, पावसाचं आणि तुरीच्या भावाचं बोलणं चाललं होतं. आत भामाबाई उशाशी आणि विजयमाला पायाशी. मीही थोडा वेळ दाराजवळ बसून आले होते. बजरंग दर दहा मिनिटांनी आत डोकावायचा.

"मावशी, घ्यायचं का?"

"अजून न्हाई."

तिसऱ्या वेळी तो उंबऱ्यात थांबला. आईकडे बघत राहिला. "मी बसू का हितं?"

हा प्रश्न भामाबाईला सगळ्यांत जड गेला, असं तिनं मला नंतर सांगितलं. तो बसला असता तर त्यानं श्वास बघितला असता, घाबरला असता, आणि माणसांना हाक मारली असती. ती म्हणाली, "पाव्हण्यांकडं बघा दादा. वेळ झाली की मी सांगते." तो गेला.

त्यानंतरचं मला भामाबाईनंच सांगितलं. साडेतीनच्या सुमारास श्वासात खंड पडायला लागला. गुडघे निळे झाले. एरवी याच क्षणाला ती उठून दाराशी जायची. ती उठली नाही. तिनं बोळा भिजवला, गीताबाईंच्या ओठांच्या कडेला पिळला. घसा हलला. पुन्हा एकदा पिळला. पुन्हा हलला. विजयमालानं सासूच्या पायावरून नजर उचलून भामाबाईकडे बघितलं. तिला कळलं होतं. ओसरी आठ पावलांवर होती आणि तिचा नवरा तिथे बसला होता. तिनं तोंडाला पदर लावला आणि पुन्हा पायांकडे बघू लागली.

तिसऱ्या वेळी पाणी आत गेलं नाही.

भामाबाईनं गळ्याजवळ बोट ठेवलं आणि तसंच ठेवून ती बसली. आपण चुकत नाही ना, याची खात्री होईपर्यंत. मग डोळे पुरते मिटू दिले नाहीत, बोळा पिशवीत टाकला आणि दारात जाऊन म्हणाली, "दादा, या. घ्या आता."

चौघांनी उचललं. खाली ठेवलं.  बजरंगनं तुळशीचं पान ठेवलं, गडूतलं पाणी ओतलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गालावर आलं, पण थोडं तोंडात राहिलं असावं.

"गिळलं! गिळलं आईनं!" बजरंग म्हणाला. कुणी तरी म्हणालं, "हो, गिळलं." दुसरा म्हणाला, "जराबी कण्हल्या न्हाईत बघा उचलताना. पुण्यवान माणूस."

भामाबाई वाकली, नाकापुढे हात धरला, मग म्हणाली, "गेल्या."

बारा-पंधरा वर्षांत मरणाच्या घरात ती हे एकच खोटं बोलली, असं ती मला म्हणाली. मला ते खरं वाटतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. बजरंगनं हात जोडून सगळं कबूल केलं. धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही, शेतातल्या देवीला दिवा लावीन, दुकानावर आईचं नाव घालीन. कावळे बाभळीवर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला आणि लोक घरी आले. पण मनात राहायचं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई माझ्या ओसरीवर बसली होती. तिच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागत होता, त्याचा फॉर्म मी भरत होते. बजरंग आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. खुर्ची दिली तर बसला नाही.

"बाई, बरं झालं दोघी हितंच हायत." मग भामाबाईला म्हणाला, "मावशी, आईनं तुमच्याजवळ काई मागितलं होतं का? तिचं काय तरी राहिलंय. कावळा कावून शिवला न्हाई?"

भामाबाई म्हणाली, "काई राहिलं न्हाई दादा. मागितलं ते मिळालं त्यांना."

"काय मागितलं होतं?"

मी लिहायचं थांबले. मला वाटलं, इथे ती काही तरी जुळवून सांगेल. सांगितलं असतं तर मी मान हलवली असती. तिनं हात मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. सुंदररावांचं, शब्दाचं, उशिरानं मारलेल्या हाकेचं.

बजरंग ऐकत उभा होता. मग म्हणाला, "म्हंजी मी पाजलं तवा..."

"त्याच्या आधीच गेलत्या."

"मग शेवटचं पाणी कुणाचं?"

"माझ्या हातचं. बोळ्यानं."

त्याचा चेहरा मी चौथीपासून ओळखते. तो असा कधी झालेला मी पाहिला नव्हता. राग होता त्यात, आणि लहान मुलाला घरी न नेता सगळे निघून गेल्यावर होतं तसंही काही तरी होतं.

"मी आठ पावलांवर होतो, मावशी. मला हाक मारायची."

"मारली असती तर तुमी खाली घेतलं असतं."

त्यानं भिंतीकडे बघितलं.

"घेतलं असतं," तो म्हणाला. "आमच्यात घेतेत."

मग पायऱ्या उतरून गेला. चपला घालायच्या राहिल्या, त्या संध्याकाळी मी पोचवल्या.

तो बाहेर कुणाला काही बोलला नाही. पण विजयमालाला घरी त्यानं विचारलं असणार, तिनं माहेरी सांगितलं असणार. महिन्याभरात कॉलनीला सगळं माहीत झालं. कुणी भांडायला आलं नाही. चाचांच्या घरून आणि मागच्या गल्ल्यांतून भामाबाईला बोलावणं येत राहिलं. पुढच्या ओळींतून बंद झालं. पाण्याच्या टाकीजवळ एक बाई तिच्या देखत दुसरीला म्हणाली, "जिला आपलं कळत न्हाई तिच्या हातात आपलं माणूस द्यावं का?" भामाबाईनं हंडा भरून घेतला आणि ती घरी आली.

उन्हाळ्याच्या तोंडाला कोपऱ्यावरची सुंदरबाई आजारी पडली. साधी बाई, कॉलनीतल्या निम्म्या पोरांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. मुलांनी भामाबाईला बोलावलं नाही. वेळ कुणालाच कळत नव्हती. एका सकाळी श्वास जरा घरघरला म्हणून त्यांनी तिला खाली घेतलं. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं कण्हणं उन्हाबरोबर गल्लीत पसरायचं. भामाबाई भिंतीपलीकडे तिच्या दारात बसून असायची, हातातलं काम तसंच.

"बाई," ती म्हणाली, "तुमी तर जाऊन या. अंगाखाली दोन गोधड्या सारा म्हणावं. दोघांनी दोन बाजूंनी, एकदम न्हाई, हळू. आन् पाणी बोळ्यानं." मला येईना म्हणून तिनं माझ्या मनगटावर बोळा पिळून दाखवला, किती दाबायचं ते.

मी गेले. गोधड्यांचं सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बजरंग तिथे बसलेला होता. हे बोलणं कुणाचं आहे, ते त्याला पहिल्या वाक्यालाच कळलं. तो उठला, सुंदरबाईच्या पलीकडच्या अंगाला गुडघ्यावर बसला आणि गोधडी हळूहळू आत ओढून घेतली. मग परत जाऊन भिंतीला टेकला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर रोज दोन वेळा मी जायचे आणि येऊन भिंतीपाशी सांगायचे. तळवे कसे आहेत, पाणी घेते का, श्वास मोजला का. चौथ्या दिवशी मी सांगितलं, पाणी घेत नाही, गुडघ्यावर डाग आलेत. भामाबाई म्हणाली, "संध्याकाळच्या आत. लेकीला जवळ बसवा. हात धरू द्या तिला."

मी तसं सांगितलं. सुंदरबाई पाच वाजता गेली, लेकीचा हात हातात होता. जमलेल्या बायकांत थोरली सून म्हणाली, "बाईंना बरोबर कळलं की. बाई, तुमाला कसं हो कळलं?"

ओसरी भरलेली होती. बजरंगही होता. मी म्हणाले, "असंच. वाटलं."

आता पुढच्या ओळींतून मला बोलावणं येतं. मी जाते, परत येते, भिंतीशी उभी राहून विचारते आणि पुन्हा जाते. भामाबाईनं मला कधी विचारलं नाही, की तिथे तुमी माझं नाव घेता का.